घरात उभी असलेली जुनी गाडी आणि मालकाचा हक्क

जुन्या गाड्यांवर जीव असणाऱ्या प्रत्येकाने दिल्लीचं प्रकरण समजून घ्यायला हवं. 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या तिथे चालवायला राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. पुढे नुसत्या उभ्या असलेल्या गाड्याही जप्त होऊन भंगारात जाऊ लागल्या.

2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जप्त गाड्या सोडायला सांगितलं. त्यासाठी मालकाने हमी द्यायची: गाडी खासगी जागेत उभी राहील किंवा दिल्लीबाहेर जाईल. दिल्ली सरकारच्या 2024 च्या नियमावलीत मात्र मेख आहे. जागा फक्त तुमच्याच वापराची हवी, सोसायटीचं सामाईक पार्किंग चालत नाही.

गाडी 50 वर्षांपुढची, खासगी आणि मूळ रूपात असेल तर देशभर 2021 चा विंटेज नियम लागू आहे. नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्तीसाठी काढता येते.

मित्रांनो, आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि जागेची कागदपत्रं एका फाइलीत ठेवा. गाडी उचलली तरी घाबरून स्क्रॅपच्या कागदावर सही करू नका; आधी वकिलाला विचारा.