घर शोधतो एक, राहतात चौघं

बदलीचा आदेश किंवा नव्या नोकरीचं पत्र एप्रिलमध्ये हातात पडतं. लातूर असो, जळगाव असो की नागपूर, पुण्याला निघालेल्या कुटुंबातला एक जण शनिवार-रविवार गाठून पुण्यात येतो. एजंटच्या दुचाकीवर मागे बसून दोन दिवसांत सात-आठ फ्लॅट बघतो, व्हिडिओ काढून घरी पाठवतो आणि रविवारी रात्रीच्या गाडीत बसण्याआधी टोकन देऊन मोकळा होतो. ऑफिस किती लांब, भाडं किती, ओटा ऐसपैस आहे ना, एवढं बघितलं की झालं. जूनमध्ये सामान येतं आणि मग खरी गंमत सुरू होते. कारण घर पसंत करणारा सकाळी साडेआठला बाहेर पडून रात्री आठला परततो. त्या भागात दिवस काढणारी माणसं वेगळीच असतात: शाळेतून दुपारी परतणारं पोर, संध्याकाळी पाय मोकळे करायला निघणारे आजोबा, आणि या सगळ्यांचं वेळापत्रक सांभाळणारी घरची बाई, जी बहुधा स्वतःही कुठेतरी नोकरी शोधत असते. भाग निवडायचा तो यांच्या सोयीनं. ऑफिस पाच-सहा किलोमीटर लांब गेलं तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

या नजरेनं पुणे बघायला लागलं, की पहिला प्रश्न येतो पाण्याचा. बाहेरून येणाऱ्याला हे पटकन पटत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं उशाला असलेल्या शहरात पाण्याची कसली चिंता? पण धरण भरलेलं असणं आणि सोसायटीच्या टाकीत नळाचं पाणी पडणं यात फार अंतर आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली. हद्द एका आदेशानं वाढते. जलवाहिनी, टाक्या आणि ड्रेनेज यायला वर्षानुवर्षं जातात. त्यामुळे उंड्री, वाघोली, सूस, म्हाळुंगे या पट्ट्यांत चकचकीत बहुमजली इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्या कित्येक टँकरवर जगतात. हिंजवडीत तर आयटी पार्क जगाच्या नकाशावर आणि कारभार ग्रामपंचायतीचा. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी मिळतं, पण तिथे नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड सोडण्याची पद्धत पडली. कोथरूड, सहकारनगर, कर्वेनगर या जुन्या उपनगरांत नळाला पाणी येतं, मात्र दुरुस्तीसाठी एखाद्या गुरुवारी बंद राहतं. ‘गुरुवारी पाणी नाही’ ही बातमी पुणेकर पंचांगातल्या तिथीसारखी वाचतात.

एजंटला विचारलंत तर तो ‘चोवीस तास पाणी’ म्हणेल. तो खोटं बोलत नसतो. गच्चीवरच्या टाकीतून नळाला चोवीस तास येतंच. टाकीत कुठून येतं, हे त्याला कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर गेटवर असतं. टँकरवर चालणाऱ्या बऱ्याच सोसायट्यांत वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही असते: गाडीचा नंबर, आत सोडल्याची वेळ, सही. फ्लॅट बघून खाली आलात की एजंटला पुढे जाऊ द्या आणि वॉचमनशी दोन मिनिटं बोला. ‘काका, आज किती टँकर आले?’ एवढं विचारलं तरी पुरे. हा माणूस तुम्हाला काही विकायला बसलेला नसतो. त्याची वही मेमधली असेल तर वर्षभराचा अंदाज येतो. ऑगस्टमधली वही बघून मात्र निर्धास्त होऊ नका. मग घरमालकाला विचारा, की मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा, आणि टँकरची वर्गणी वाढली तर ती कोणाच्या माथी. भाडं कमी आणि टँकरचा खर्च वेगळा, असा हिशेब उन्हाळ्यात अंगाशी येतो.

पाणी येतं इतकंच पुरत नाही, कसं येतं हेही बघावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडले आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. म्हणून तो भागच टाळा, असं म्हणणं अन्यायाचं होईल. शाळा, दुकानं, सिंहगडाचा शेजार, परवडणारी घरं यासाठी हजारो कुटुंबं तिथे आनंदानं राहतात. पण पाणी शुद्ध होऊन येतं की विहिरीतून थेट, आणि सोसायटीची जमिनीखालची टाकी शेवटची कधी धुतली, हे चेअरमनला विचारण्यात संकोच नको. दोन वर्षांचं मूल घरात असेल तर हा प्रश्न स्विमिंग पूलच्या आधी येतो.

पाणी नको तिथेही येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्यानं अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी परिसरात हाहाकार केला. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं. नदीकाठासाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल असा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. भाडेकरूनं नकाशे उलगडत बसायची गरज नाही. पार्किंगच्या भिंतीवर कंबरेएवढ्या उंचीवर रंग बदलल्याची आडवी रेघ दिसते का, खालचे मीटर अलीकडे वर सरकवलेत का, हे बघा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, की त्या पावसात त्याचा माल भिजला होता का. नदीकडे तोंड असलेल्या तळमजल्याचं भाडं कमी का, हे तो अर्ध्या मिनिटात सांगेल.

दुसरा मोठा प्रश्न शाळेचा, आणि इथे बहुतेकांचा क्रम उलटा होतो. घर ठरवून मग जवळची शाळा शोधायची, असं आपण गावाकडच्या सवयीनं करतो. पुण्यातल्या चालणाऱ्या खासगी शाळांचे प्रवेश आदल्या हिवाळ्यातच उरकत आलेले असतात. मेमध्ये आलेल्या कुटुंबाला जिथे जागा उरली असेल तिथे मिळते. म्हणून आधी शाळांना फोन करा, जागा पक्की करा आणि मगच तिच्या भोवती घर शोधा. शाळेची बस त्या गल्लीत येते का, की मुख्य रस्त्यावर उतरवते, हेही तेव्हाच विचारा. सात वाजताच्या शाळेसाठी बस सहाला दारात येत असेल तर आठ किलोमीटरच्या अंतराला काही अर्थ उरत नाही. पोर पहाटे पाचला उठणार, एवढंच खरं.

आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा असेल तर भाड्याच्या घराचा पत्ता निर्णायक ठरतो. शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आहे की तीन, यावर प्राधान्य अवलंबून असतं आणि पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, तोही अर्जाच्या आधीच्या तारखेचा. स्टॅम्प पेपरवर नुसता नोटरी करून घेतलेला कागद तिथे कुणी हातात धरत नाही. त्यामुळे येत्या वर्षी पहिलीत जाणारं मूल असेल, तर या वर्षीचा पत्ता विचार करूनच निवडायला हवा.

रस्ता रविवारी बघण्यात काही हशील नाही. बाणेर, वाकड, खराडी हे तिन्ही भाग रविवारी सकाळी अगदी गुणी दिसतात. मंगळवारी सकाळी आठला तिथे उभं राहा. रिक्षा, शाळेच्या बस, आयटी कंपन्यांच्या कॅब आणि काँक्रीटचे मिक्सर एकाच रस्त्यावर आले, की दहा वर्षांच्या मुलाला क्लासला एकटं पाठवता येईल का, याचं उत्तर आपोआप मिळतं. नऱ्हे, आंबेगाव भागात घर बघत असाल तर महामार्ग ओलांडल्याशिवाय शाळा, दवाखाना, भाजी मिळते का, हे आधी तपासा. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. मेट्रोचा मात्र खरंच उपयोग आहे. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या दोन मार्गिका पूर्ण धावू लागल्या त्या २०२४ मध्ये. स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर घर मिळालं, तर कॉलेजला जाणारी मुलगी आणि डेक्कनला डॉक्टरकडे जाणारी आजी दोघीही तुमच्यावर अवलंबून राहत नाहीत. फक्त धावणारी मेट्रो हिशेबात धरा. ‘इथून पुढे स्टेशन होणार आहे’ हे एजंटचं वाक्य जमेला धरू नका.

शेजारचा रिकामा प्लॉटही नीट बघा. ‘समोर मोकळं आहे, वारा भरपूर’ असं कौतुकानं सांगितलं जातं. त्या प्लॉटला पत्र्याचं कुंपण आणि बिल्डरचा फलक लागलेला असेल, तर वारा जाऊन धूळ आणि खडक फोडण्याचा आवाज यायला वेळ लागत नाही. दमेकरी माणूस घरात असेल तर तिथून निघावं.

नवा की जुना भाग, यावर घराघरांत वाद होतात. बावधन-बालेवाडीकडच्या नव्या सोसायटीत लिफ्टला बॅकअप, मुलांना खेळायला बंदिस्त आवार, गेटवर सुरक्षा. कोथरूड-कर्वेनगरातल्या तीस वर्षं जुन्या इमारतीत कधी लिफ्टच नाही, चारचाकी लावायची मारामार, बाथरूमच्या फरशा आदल्या पिढीतल्या. पण खाली उतरलं की भाजीवाली, पिठाची गिरणी, औषधाचं दुकान, वाचनालय, देऊळ, टेकडीची वाट. मुलाला पाटी-वह्या आणायला पाठवता येतं. सासऱ्यांना चार दिवसांत समवयस्क सापडतात, आणि परक्या शहरात आलेल्या सत्तरीच्या माणसाला दुसरं काय लागतं? घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल दोन्ही असतील तर नव्या भागातल्या तीन खोल्यांपेक्षा जुन्या भागातल्या दोन, पहिल्या मजल्यावरच्या, मी बऱ्या म्हणेन. क्लबहाउसच्या मोहात पडणाऱ्यांनी तिथे भाडेकरूंना प्रवेश आहे का, एवढं तरी विचारून घ्यावं. काही ठिकाणी नसतो.

आता थोडं नकोसं. पहिल्याच फोनवर आडनाव विचारलं जातं, मग ‘नॉनव्हेज करता का?’ आणि धर्माचा अंदाज आला की ‘अहो, कालच गेला फ्लॅट’. पुण्यात हे सर्रास चालतं आणि ते लाजिरवाणं आहे. ज्यांना याचा त्रास होतो त्यांनी वेळ वाचवायला फोनवरच सगळं स्पष्ट बोलून घ्यावं, एवढाच व्यवहारी सल्ला हाताशी आहे. सोसायटीच्या नावानं बागुलबुवा दाखवणाऱ्यांसाठी मात्र नियम स्पष्ट आहे. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्यानं द्यायला सभासदाला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आगाऊ कळवून कराराची प्रत द्यायची असते. सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि ते मालकानं भरायचं असतं.

कराराबद्दल एक गैरसमज बाहेरच्या राज्यांतून आलेल्यांत हमखास असतो: अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात लागतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, न केल्यास शिक्षाही त्यालाच. खर्च फार नाही. महिना २५,००० भाडं, ७५,००० अनामत, मुदत अकरा महिने असेल, तर ०.२५ टक्के दरानं मुद्रांक शुल्क साधारण ७०० रुपये होतं, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, वर एजंटची घरपोच सेवा. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या काम होतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही ऑनलाइन द्यायची असते. ती दिली गेली ना, याची खात्री करा. अनामत कशातून कापली जाईल, रंगकामाचे पैसे कोण देणार, हे करारातच लिहून घ्या आणि राहायला जाताना भिंतींचे, नळांचे, गीझरचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

मसुद्यात एक कलम बहुतेक जण न वाचता सही करतात: लॉक-इन. सहा महिने किंवा पूर्ण अकरा महिने घर सोडता येणार नाही, सोडलंत तर उरलेलं भाडं भरा, असं त्यात असतं. नव्या शहरात पहिलाच करार करताना ते तीन महिन्यांवर आणा आणि पुढे एक महिन्याची नोटीस ठेवा. मालक कुरकुर करेल, पण पुष्कळदा ऐकतो. भाग चुकला आहे हे पहिल्या तीन महिन्यांत कळतंच. तसं झालं तर सप्टेंबरअखेर नोटीस द्या आणि दिवाळीच्या सुट्टीत, शाळा न बदलता, घर बदला. आणि कितीही स्कीमा दाखवल्या तरी पुण्यातला एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्याशिवाय फ्लॅट बुक करू नका.