ड्रायर अडला म्हणजे मोटर गेली असं नाही
(जुनी यंत्रं ओळखताना : भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण जुन्या सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची धुण्याची बाजू उघडून पाहिली. आज शेजारची बाजू, म्हणजे ड्रायर. यात हीटर नसतो. कपड्यांतलं पाणी निघतं ते केवळ टबच्या वेगामुळे.

हा वेग किती, ते आपल्या विजेवरूनच ठरतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. चार पोलांच्या मोटरमधलं चुंबकक्षेत्र त्यावर मिनिटाला १५०० फेरे घेतं; रोटर थोडा मागे राहून साधारण १३०० ते १४०० फेरे घेतो. ड्रायरच्या मोटरला पट्टा नसतो, गिअर नसतो. तिचा शाफ्ट कपलिंगमधून थेट टबच्या शाफ्टला जोडलेला, त्यामुळे टबचा वेगही तेवढाच. टबची त्रिज्या १२ सेंटिमीटर आणि वेग १३५० फेरे धरून हिशेब केला, तर टबच्या भिंतीला चिकटलेल्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २४० पट जोर येतो. हाताच्या पिळण्याला हे कधीच साधणार नाही. म्हणूनच कपडे एका बाजूला गोळा झाले, की सगळं यंत्र हादरतं. हा हादरा पोटात घेण्यासाठी ड्रायरची मोटर घट्ट बसवलेली नसते, स्प्रिंगांवर उभी असते. मागचं कव्हर काढल्यावर स्प्रिंगांवर डुलणारी मोटर दिसली, की ती ड्रायरची. जिच्या पुलीवर पट्टा आहे ती धुण्याची.

मोटरी बाहेर काढून ठेवलेल्या असतील, तर काय करायचं? वायरींच्या रंगांवर विसंबू नका. वीस-पंचवीस वर्षांत मशीनवर किती हात फिरले आणि कोणी कुठली वायर जोडली, हे रंग सांगत नाहीत. मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोटरच्या तिन्ही वायरींच्या जोड्या मोजा. समजा आकडे आले ४०, ७० आणि ११०. ज्या जोडीत सर्वांत मोठा आकडा येतो, तिच्यात नसलेली तिसरी वायर म्हणजे कॉमन. कॉमनपासून ४० दाखवते ती रनिंग, ७० दाखवते ती स्टार्टिंग. कॉमनपासून दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर ती मोटर धुण्याची. कारण तिला उलटसुलट फिरायचं असतं, दोन्ही वाइंडिंगना आळीपाळीनं रनिंगचं काम करावं लागतं. ड्रायर एकाच दिशेनं फिरतो, म्हणून त्याची वाइंडिंग असमान.

कपॅसिटर, ज्याला कारागीर कंडेन्सर म्हणतात, तो बहुधा दोन्ही मोटरींना मिळून एकाच डबीत असतो. डबीवर १०+५ मायक्रोफॅरडसारखा आकडा छापलेला दिसतो. मोठा भाग धुण्याचा, लहान ड्रायरचा. शेजारी ४४० व्होल्ट लिहिलेलं असतं, कारण चालू मोटरमध्ये कंडेन्सरवरचा दाब घरातल्या २३० व्होल्टपेक्षा जास्त होतो. कमी व्होल्टचा स्वस्त कंडेन्सर बसवू देऊ नका. हात लावण्याआधी प्लग काढा, आणि त्यानंतरही कंडेन्सरची टोकं बल्ब लावलेल्या होल्डरच्या वायरींना टेकवून उरलेला भार उतरवा.

आता ब्रेक. या यंत्रातला सर्वांत हुशारीनं केलेला भाग मला हाच वाटतो. कपलिंगच्या खालच्या अंगाला एक गोल ड्रम असतो आणि त्यावर दाबून बसणारी लायनरची पट्टी. पट्टी दाबण्याचं काम स्प्रिंग करते. झाकण बंद केलं, की ब्रेक वायर ओढली जाते, पट्टी ड्रमपासून सुटते आणि टब मोकळा होतो. झाकण उघडलं, की वायर सैल पडते आणि स्प्रिंग पट्टीला ड्रमवर दाबते. म्हणजे वायर तुटली तरी ब्रेक लागलेलाच राहतो. बिघाडसुद्धा माणसाच्या बाजूनं उभा राहावा अशी ही रचना. झाकण उघडताच त्याखालचा सेफ्टी स्विचही मोटरची वीज तोडतो. हा स्विच आणि ड्रायरचा टायमर एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, म्हणून दोघांतला एक जरी खराब झाला तरी मोटरला वीज पोचत नाही.

एवढं कळलं, की तक्रारीचा अर्थ लागतो. मोटर गुणगुणते पण टब हलत नाही? ब्रेक सुटलेला नाही किंवा कंडेन्सर उतरला आहे. प्लग काढून, झाकण बंद ठेवून मागून कपलिंग हातानं फिरवा. जड गेलं तर दोष बहुतेक ब्रेकचा, किंवा टबच्या शाफ्टभोवतीचा बेअरिंग-सील गंजून अडकला आहे. मोटर फिरते पण टब मागे राहतो? कपलिंगचे बोल्ट ढिले. जळका वास येतो आणि वेग कमी? वायर लांबली आहे, पट्टी ड्रमवर घासते आहे. अजिबात आवाज नाही? आधी टायमर आणि सेफ्टी स्विच तपासा, मग मोटर. काही मोटरींच्या वाइंडिंगमध्ये दोऱ्याखाली बांधलेला थर्मल फ्यूज असतो. तो उडाला तरी मोटर मेल्यासारखीच दिसते.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचं औरंगाबाद) चितेगावात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनची मशीन मराठवाड्यात आणि बाहेरही अनेक घरांत आजही चालू आहेत. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा मशीनसाठी सुटा भाग घेताना दुकानात कंपनीचं नाव सांगून भागत नाही. जुना भाग सोबत न्या. शाफ्टची जाडी, कपलिंगच्या भोकाचं माप, मोटरच्या पायांमधलं अंतर आणि कंडेन्सरवरचा आकडा जुळला, तर तो भाग तुमचा.

एक कळकळीची विनंती. सेफ्टी स्विच बिघडला, की काही कारागीर दोन वायरी थेट जोडून मोकळे होतात. मग मोटरची वीज तुटत नाही, आणि ब्रेकची पट्टी झिजलेली असेल, तर झाकण उघडल्यावरही टब त्याच वेगानं फिरत राहतो आणि आतल्या ओल्या कपड्यांत हात गुंतला तर मोडतो. घरात लहान मूल असो वा नसो, ही जोडणी मान्य करू नका. नवा स्विच बसवून घ्या आणि कारागीर जाण्याआधी ड्रायर चालू करून झाकण उघडा. काही क्षणांत टब थांबला, तरच पैसे द्या.