धागा टिकतो, रेझिन हरतं

रंगकामाच्या शेडमधल्या भट्टीचं दार उघडलं की झळ थेट तोंडावर येते. डिस्प्लेवर १८०. आत हुकांना ग्रिलं, ब्रॅकेट, ॲल्युमिनियमच्या चौकटी टांगलेल्या. पावडर कोटिंगची पूड वितळून घट्ट बसायला साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस आणि दहा-वीस मिनिटं लागतात. लोखंडाला त्याचं काही वाटत नाही. त्याच रांगेत कार्बन फायबरची सायकल फ्रेम टांगली, तर ती बहुधा कामातून जाते.

खरं तर कार्बनच्या धाग्याला ही भट्टी म्हणजे कोवळं ऊन. तो तयार होतानाच हजार अंशांच्या पुढे भाजून निघालेला असतो. नाजूक असतं ते धाग्यांना बांधून ठेवणारं इपॉक्सी रेझिन. एका ठरावीक तापमानानंतर ते ताठपणा सोडून रबरासारखं होऊ लागतं. कारागीर त्या तापमानाला नुसतं ‘टीजी’ म्हणतात. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेल्या इपॉक्सीचा टीजी पुष्कळदा ५० ते ७० अंशांतच असतो. विमानासाठी १८० अंशांना शिजवलेल्या रेझिनचा त्याहून बराच वर. शिवाय रेझिन हवेतला ओलावा पितं, आणि ओलावा मुरला की टीजी खाली येतो.

मर्यादा ओलांडली म्हणून भाग लगेच वितळत नाही. खोड वेगळीच निघते. थरांत अडकलेली हवा फुगून लेपाला फोड आणते, टाचणीएवढी भोकं पडतात. रेझिन आणखी आकसतं आणि काल आरशासारख्या असलेल्या पृष्ठभागावर कापडाची वीण उमटते. ॲल्युमिनियमचा तुकडा चिकटवलेला असेल, तर दुखणं आणखी वाढतं: ॲल्युमिनियम तापून पसरतं, कार्बन धाग्याच्या दिशेने जवळपास हलतच नाही, आणि मधल्या गोंदावर ताण येतो.

म्हणून कार्बनच्या भागांवर सहसा दोन घटकांचं पॉलियुरेथेन मारतात. ते ६० अंशांच्या आसपास वाळवता येतं. सेराकोटसारख्या सिरॅमिक लेपांतही फरक आहे. त्यातली एच मालिका भट्टीत घालावी लागते, नेहमीची पद्धत १२१ अंशांना दोन तास. सी मालिका मात्र नुसत्या हवेत घट्ट होते. १२१ हा आकडा लोखंडी सुट्या भागासाठी किरकोळ, पण रेझिन कोणतं हे ठाऊक नसलेल्या फ्रेमसाठी जुगार.

बीएमडब्ल्यूने २०१३ साली आणलेल्या आय-३ मोटारीत हा पेच मुळातच टाळला होता. प्रवाशांभोवतीचा सांगाडा कार्बनचा. बाहेरचे पत्रे प्लॅस्टिकचे, ते स्वतंत्र रंगवून मग जोडायचे. पोलादी गाडीसारखं सगळं धूड रंगाच्या तापत्या भट्टीतून न्यायची गरजच उरली नाही.

छोट्या शेडला ही चैन परवडत नाही. तिथे जाणता माणूस डिस्प्लेवर विसंबत नाही, कारण तो आकडा हवेचा असतो, भागाचा नव्हे. तो भागालाच थर्मोकपलची तार चिकटवतो, पातळ कडेला एक, जाड सांध्याला एक. आणि त्याही आधी गिऱ्हाइकाला विचारतो, “रेझिन कुठलं वापरलंय?” उत्तर आलं नाही, तर फ्रेम भट्टीबाहेरच्या खुंटीवर राहते.