उभी बाटली, आडवी बाटली

नाशिकला वन्संकडे गेले होते. तिथे वाइनच्या कारखान्यात 'टेस्टिंग'ला जायचा बेत निघाला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. आम्ही पारनेरकडच्या, अण्णा हजारेंचं राळेगणसिद्धी आमच्याच तालुक्यातलं. निम्म्याहून जास्त मतदार बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की गावातलं दारूचं दुकान बंद होतं, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक. 2022 साली मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू द्यायचं सरकारने ठरवलं, तेव्हा अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला होता.

"अगं, चाखायचीय, प्यायची नाही!" वन्सं म्हणाल्या. गेले बाई.

आणि मैत्रिणींनो, तिथे जे करतात ते आपण रोज चुलीपाशी करतोच की! ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघायचा. मग ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा. लोणी कढून तूप झालं की नाही हे आपण वासावरूनच ओळखतो ना, तसंच. मग छोटासा घोट जिभेवर घोळवायचा आणि चक्क थुंकून टाकायचा! त्यासाठी भांडंच ठेवलेलं असतं. परीक्षकसुद्धा असंच करतात. नाहीतर दहावीस वाइन चाखल्यावर गुण कोण देणार?

पांढरी वाइन करताना आधी रस पिळून घेतात आणि मग तो आंबवतात. तिच्यात बघायचा तो आंबटपणा. कैरीच्या पन्ह्यासारखा तरतरी आणणारा असला तर चांगला, दात आंबवणारा असला तर गुण कमी. तांबडी सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंग येतो आणि तुरटपणाही. फार उकळलेल्या कोऱ्या चहाने जीभ कशी ओढली जाते, तसं होतं. थोडं तुरट हवंच, पण घशापर्यंत खरखर नको.

गोडीला मात्र भुलू नये. ऑस्ट्रियातल्या काही वाइनवाल्यांनी वाइन गोड आणि दाट लागावी म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन घातल्याचं 1985 साली उघडकीस आलं. केवढा गहजब झाला! मग त्याच वर्षी तिथे कडक कायदा आला. बाजारातला काकवीसारखा पातळ 'मध' ज्यांनी घेतलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

वीसपैकी गुण द्यायचे होते. आमच्या 'ह्यांनी' आधी किंमत विचारली आणि सगळ्यांत महागडीला अठरा दिले! मी तिला अकरा दिले, कारण तिला ओल्या लाकडाचा वास येत होता. माझे सर्वांत जास्त गुण एका साध्या पांढरीला गेले.

शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "द्राक्षांचा रसच तो, त्यात काय!" मी बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखवली: मद्यार्क साडेबारा टक्के. साध्या बियरमध्ये पाचएक टक्के असतो. त्या गप्पच झाल्या.

निघताना तळघरात बाटल्या रचलेल्या दिसल्या, सगळ्या आडव्या. बूच ओलं राहावं, वाळून हवा आत जाऊ नये म्हणून तशा ठेवतात म्हणे.

"बघा वन्सं," मी म्हटलं, "इथेही आडवीच!"