व्हेनेझुएलाची नाताळची आयाका

१९ ऑक्टोबर २०२५ रोजी पोपमहाशयांनी डॉ. होसे ग्रेगोरियो हेर्नांदेझ व मदर कार्मेन रेंदिलेस ह्यांना संतपद बहाल केले आणि दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशास त्याचे पहिले संत लाभले. तेथील ख्रिस्ती कुटुंबे नाताळात काय रांधतात, हे आमच्या वाचकभगिनींस जाणून घ्यावेसे वाटेल.

रोजचे अन्न आरेपा, म्हणजे मक्याची जाड, लहानशी भाकरीच म्हणा ना! पूर्वी त्यासाठी मका उखळात कांडावा, शिजवावा व दळावा लागे. १९६० साली शिजविलेल्या मक्याचे तयार पीठ बाजारात आले आणि बायकांचे कांडण सुटले.

नाताळचा मान मात्र आयाकेचा. शेंद्रीच्या बियांनी रंगविलेली चरबी घालून पीठ मळावयाचे, केळीच्या पानावर पातळ थापावयाचे, मध्ये डुक्कर, बैल व कोंबडी ह्यांच्या मांसाचा दाट रस्सा घालावयाचा. वर जैतुनाची फळे, बेदाणे, कांद्याच्या चकत्या. मग पान मिटून, सुताने बांधून उकळत्या पाण्यात शिजवावयाचे. अँडीज पर्वताकडील लोक मांस कच्चेच भरतात व त्यात काबुली चणे घालतात.

गुलामांनी धन्याच्या ताटातील उरलेसुरले गोळा करून हा पदार्थ केला, अशी एक कथा सांगतात. आम्हांस ती फारशी पटत नाही. मक्याचे पीठ पानात गुंडाळून शिजविण्याची रीत अमेरिकेतील मूळ रहिवाशांत कोलंबसापूर्वीच होती. जैतून व बेदाणे स्पॅनिश लोकांनी नेले. केळ तर मूळची आपल्या आशियातली. उलट मका तिकडून आपल्याकडे आला.

हे एकटीचे काम नव्हे. मुले पाने पुसतात, आजी चव पाहते, पुरुष गाठी मारतात. एका बैठकीत शंभर आयाकाही होतात. उरलेले पीठ व रस्सा कालवून त्याचेही लहान गोळे बांधतात. आपल्या आईची आयाका सर्वांत उत्तम, हे जो तो ठासून सांगतो.

ही घरेच आता विखुरली आहेत. अन्नटंचाई व हलाखी ह्यांमुळे २०१४ नंतर ७० लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला. मागे राहिलेल्यांपैकी कित्येकांस टंचाईच्या वर्षांत मांस परवडेना. शंभराच्या जागी दहाबारा आयाकांवर सण साजरा झाला. बोगोता, लिमा, माद्रिद अशा शहरांत गेलेले लोक डिसेंबरात केळीची पाने शोधत हिंडतात. नातलग जवळ नाहीत, म्हणून ओळखीचे देशबांधव एका स्वयंपाकघरात जमून पाने बांधतात. रस्सा कोणाच्या आईच्या रीतीने करावा, ह्यावरून वाद होतोच.