काढलेलं पॅकेज आणि मागे उरलेली नोंद

तत्त्वज्ञानाचा मास्तर लिनक्सवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण 'एखादी वस्तू नाही' म्हणजे नेमकं काय, हा आमचाच जुना प्रश्न. न्यायदर्शनात अभावाचे प्रकार सांगितलेत. वस्तू जन्मण्याआधी नसते तो प्रागभाव, नष्ट झाल्यावर नसते तो प्रध्वंसाभाव. हा भेद संगणकही पाळतो.

डेबियन, उबंटू, मिंट या प्रणालींत 'डीपीकेजी' नावाचा एक कारकूनच बसलेला असतो म्हणा. कोणतं पॅकेज आलं, कोणतं गेलं, सगळं त्याच्या वहीत. त्याच्याकडून यादी मागवली की प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरं दिसतात. पहिलं अक्षर तुमची इच्छा सांगतं, दुसरं वस्तुस्थिती. 'आयआय' म्हणजे हवं होतं, बसवलेलं आहे. 'आरसी' म्हणजे काढायला सांगितलं, काढलंही, पण त्याच्या कॉन्फिगरेशनच्या फायली उरल्या आहेत. 'रिमूव्ह' एवढंच करतं, आणि ते मुद्दाम. उद्या तेच पॅकेज पुन्हा बसवलं तर तुमची मांडणी जागेवर सापडावी. 'पर्ज' केलं की त्या फायली जातात आणि आरसीची ओळही पुसली जाते. नैयायिकांचा प्रध्वंसाभाव कधी संपत नाही. इथे मात्र कारकून विसरूनच जातो!

आता, आरसीच्या ओळी जागा फारशी खात नाहीत. त्या दिसल्या म्हणून घाईनं सरसकट पर्ज करू नका. समजा, एखाद्या ग्रामसभेनं तेंदूपत्त्याचा हिशेब डेटाबेसमध्ये ठेवलाय आणि डेटाबेसचं पॅकेज कुणीतरी काढलं. विदा अजून डिस्कवर असते. पर्ज करताना 'डेटाबेसही पुसू का?' असं विचारलं जातं, आणि वाचल्याशिवाय 'हो' दाबलं, की वर्षांचा हिशेब गेला.

जागा खातात ती जुनी कर्नल आणि अनाथ पॅकेजेस. त्यांच्यासाठी 'ऑटोरिमूव्ह' आहे. पण तुम्ही ते वापरता का, हे ते बघत नाही. ते एवढंच बघतं की हे पॅकेज तुम्ही स्वतः मागितलं होतं, की दुसऱ्या कुणाच्या गरजेपोटी आलं होतं, आणि तो गरजवंत आता आहे का. म्हणून रोजच्या वापरातलं पॅकेजही कधी अनाथांच्या यादीत येतं. ते हवं असेल तर 'एपीटी-मार्क मॅन्युअल' म्हणून त्याच्यावर आपला हक्क सांगा.

आलापल्लीकडच्यांना सागाची विरळणी सांगायला नको. आधी झाडांवर खूण, मग कुऱ्हाड. इथेही आज्ञेला 'सिम्युलेट'चा पर्याय जोडा. काय काय जाईल ती यादी येते, जात काहीच नाही. ती यादी सावकाश वाचा.

एक गोष्ट आपल्या भागासाठी. सफाईच्या बहुतेक याद्यांमध्ये 'एपीटी क्लीन' असतं. त्यानं डाउनलोड केलेल्या पॅकेजच्या फायली पुसल्या जातात. पुण्यात ठीक आहे, पुन्हा उतरवता येतात. पण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, तिथे रेंजचा भरवसा कुणी धरावा? 'एपीटी-गेट'नं बसवलेल्या पॅकेजच्या फायली साठ्यात राहतात. नुसतं 'एपीटी' वापरलं तर काम झाल्यावर सहसा पुसल्या जातात. तेव्हा एपीटी-गेट वापरा, आणि क्लीन करण्याआधी तो साठा पेनड्राइव्हवर घ्या. त्याच आवृत्तीच्या आणि त्याच जातीच्या प्रोसेसरच्या शेजारच्या मशीनलाही तो चालतो.