स्टॅबिलायझर लिंक

स्टॅबिलायझर लिंक ही मोटारगाडीच्या सस्पेन्शनमधील एक छोटी जोडदांडी होय. गाडीचा कल रोखणारा आडवा स्टॅबिलायझर बार आणि चाकाजवळचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर किंवा लोअर आर्म यांना ती जोडते. गॅरेजमध्ये तिला ‘लिंक रॉड’ किंवा नुसते ‘लिंक’ म्हणतात. पुढील चाकांच्या डाव्या व उजव्या बाजूस अशी एकेक लिंक असते.

कार्य

स्टॅबिलायझर बार हा स्प्रिंगच्या पोलादाचा वाकवलेला दांडा असतो. त्याचा मधला भाग दोन रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्याला बांधलेला असतो. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस झुकू लागली की बारची दोन टोके वरखाली होतात, बार पिळला जातो आणि हा पीळ कल कमी करतो. दोन्ही चाके एकाच वेळी सारखी उचलली गेली, तर मात्र बार बुशांमध्ये नुसता फिरतो आणि लिंकवर फारसा भार येत नाही.

बारचे पेटंट १९१९ मध्ये कॅनडातील संशोधक स्टीफन कोलमन यांना मिळाले. भारतात १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये स्वतंत्र लिंक नव्हती. बारचे टोक बुश घालून थेट लोअर आर्ममध्ये आवळलेले असे आणि चाक पुढेमागे सरकू न देण्याचे कामही तोच बार करी. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असलेली लिंक आढळते.

झीज आणि निदान

बॉल जॉइंटवरील रबरी बूट फाटला की आतील ग्रीस निघून जाते, पाणी व माती शिरते आणि गोळी तिच्या वाटीत सैल होते. खाडी आणि मिठागरांलगत वसलेल्या मिरा-भाईंदरमध्ये दमट, खारी हवा नटांना गंज चढवते, तर पावसाळ्यातील खड्डे एकाच चाकाला वारंवार धक्के देतात. मिरा रोड पूर्वेच्या पूनम सागर भागातील अंतर्गत रस्त्यांपासून घोडबंदर मार्गापर्यंत ये-जा करणाऱ्या गाडीच्या वाट्याला दोन्ही येते.

लक्षण म्हणजे कमी वेगात पुढून येणारी खडखड. गाडीचा तळ घासू नये म्हणून गतिरोधक तिरपा ओलांडण्याची सवय अनेकांना असते. त्या वेळी चाके वेगवेगळी उचलली जातात आणि आवाज वाढतो; सरळ ओलांडल्यास तो कमी होतो. गाडी सपाट जागी उभी असताना लिंक हाताने हलवून पाहिल्यास सैलपणा बहुधा जाणवतो.

झिजलेल्या लिंकमुळे गाडी वळणावर जास्त झुकते, पण चाक निखळत नाही. लोअर आर्मचा बॉल जॉइंट झिजल्यावरही जवळजवळ असाच आवाज येतो आणि तो जॉइंट निसटला तर चाक आडवे पडते. म्हणून केवळ आवाजावरून लिंक बदलणे धोक्याचे आहे. चाक उचलून, त्याची वरची व खालची कड धरून हलवणे आणि लोअर आर्मखाली पहार घालून जॉइंट तपासणे ही पायरी टाळू नये.

बदलण्याची रीत

व्हील पान्याने चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल केले जातात. त्यानंतर पुढची दोन्ही चाके उचलून गाडी घोड्यांवर ठेवली जाते. नुसत्या जॅकवरील गाडीखाली कोणीही जाऊ नये. इमारतीच्या आवारातील पेव्हर ब्लॉक भाराने खचतात, त्यामुळे जॅक व घोड्यांखाली जाड फळी लागते. एकच चाक उचलल्यास बार पिळलेला राहतो, लिंकचा बोल्ट भोकात अडकतो आणि सुटताना उसळतो. दोन्ही चाके सारखी लोंबत असली की तो सहज निघतो. घरी काम करणारे बहुधा इथेच अडतात आणि दोष गंजाला देतात.

गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवणे चांगले. नट फिरवताना बोल्टही सोबत फिरत असेल, तर त्याच्या टोकातील षटकोनी खाचेत एलन की घालून तो धरावा लागतो आणि नट रिंग पान्याने फिरवावा लागतो. खाच झिजली असल्यास नट कापण्यावाचून गत्यंतर नसते. नवी लिंक लांबीला व टोकांच्या दिशेला जुन्या लिंकशी जुळवून घेतली जाते. नट नवेच वापरतात आणि ते निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनुसार आवळतात. बॉल जॉइंटऐवजी रबरी बुश असलेली लिंक मात्र चाके जमिनीवर आल्यावरच पूर्ण आवळावी, नाहीतर बुश पिळलेल्या स्थितीत अडकून लवकर फाटतो.

दोन्ही बाजूंच्या लिंक सारख्याच अंतराच्या झिजलेल्या असल्याने जोडीने बदलण्याचा प्रघात आहे. लिंक चाकांचे कोन ठरवत नाही, त्यामुळे केवळ ती बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करण्याची आवश्यकता नसते. आवाज तरीही राहिला, तर बारचे मधले बुश आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरचे माउंटिंग तपासले जाते.